वालकेश्वराची चढण

मुंबई सात बेटांची, हें प्रत्येक शाळकरी मूल घोकतें. ती टेकड्यांचीही आहे, हें मात्र गिरगांवांत जन्म काढलेल्या मनुष्यासही सहसा आठवत नाहीं. पश्चिमेस मलबार टेकडीपासून खंबाला टेकडीवरून वरळीपर्यंत काळ्या खडकाचा एक कणा गेला आहे. पूर्वेस डोंगरी, परळ, शिवडी या बाजूनें दुसरा. मधल्या सखल भागांत भर घालून शहर वाढलें. यांपैकीं पश्चिमेच्या कण्यावर गेल्या माघांत आम्हीं उभयतांनीं एक सबंध दिवस पायीं घालविला.

एकत्र कुटुंबांत पतिपत्नींस बरोबर चालण्याचा योग फार थोडा. लग्नांत सप्तपदी होते. पुढें दोघेंही जन्मभर चालतच असतात, परंतु एक माजघराकडे, तर दुसरा कचेरीकडे. तीर्थयात्रा घडली, तरी सोबत दहा माणसें. म्हणून घर सुनेच्या हातीं सोपवून, दशम्या बांधून आम्ही दोघेंच निघालों.

गिरगांव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्यांच्या देहास अग्नि दिला गेला. तेथील पुतळ्यास नमस्कार करून आम्ही सिरी रस्त्यास लागलों. ‘सिरी’ हा ‘शिडी’चा अपभ्रंश मानितात; वालकेश्वराचे यात्रेकरू पूर्वीं याच चढणीनें जात. सौभाग्यवतीचे गुडघे दुखतात, तेव्हां चालीचें माप तिचेंच ठरलें. थोडें चढावें, थोडें थांबावें. अशाच एका विसाव्यांत तिनें फांदीवरचा तांबट दाखविला. “याची टुकटुक स्वयंपाकघरांत नेहमीं ऐकतें, तो दिसतो कसा, तें आज कळलें,” ती म्हणाली.

माथ्यावर जलाशयाच्या छतावर १८८१ सालीं केलेला बगीचा आहे. समोरील कमला नेहरू उद्यानापाशीं, उतारावरील झाडींतून गेलेला सुमारें ४८५ मीटरांचा लाकडी मार्ग २०२५ सालीं लोकांस खुला झाला आहे. त्याच्या कठड्यास टेकून आम्हीं दशम्या सोडल्या नाहींत, एवढाच नियम पाळला. भूक मात्र तेथेंच लागली! याच कण्यावर, वरळीस, खडकाच्या थरांमधील गाळांत चिमुकल्या बेडकांचे अश्मीभूत अवशेष सांपडले व इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यानें १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. ते सहा कोटींहून अधिक वर्षांचे. इतक्या पुरातन खडकावर उभें राहिल्यावर आमची साठी आम्हांस फारशी जड वाटेना.

दुपारीं बाणगंगेवर उतरलों. प्रभु रामचंद्राच्या बाणानें येथें पाणी निघालें, अशी कथा आहे. तलावाचें व देवळाचें आजचें बांधकाम रामा कामत यांनीं १७१५ सालीं केलें. समुद्र हाकेच्या अंतरावर असून झरा गोड्या पाण्याचा. पायऱ्यांवर बसून जेवलों. नंतर घरची एकही गोष्ट न काढतां तिनें आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल बरेंच सांगितलें. तें सारें मला नवें होतें.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. या टेकडीस तिकिटाची गाडी लागत नाहीं, मुक्काम लागत नाहीं; लागतो तो घरच्या मंडळींनीं मोकळा करून दिलेला एक दिवस. तो वृद्धांस मिळावा, तसाच लेकसुनांसही मिळावा. पुढील रविवारीं मुलें सांभाळण्याचें काम आम्हीं पत्करलें असून, चिरंजीव व सूनबाई सकाळींच सिरी रस्त्यानें चढावयाची आहेत.