वळसंगची पायरी आणि मियामीची खुर्ची

परवा भाचीच्या मुलाच्या बारशाला वळसंगला जाण्याचा योग आला. वळसंग म्हणजे माझं माहेर. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं, की तासाभराच्या आत एस.टी. तिथं पोचते. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या बायका हे गाव बसच्या खिडकीतूनच पाहतात. ज्वारीची रानं, अर्धं मराठी नि अर्धं कानडी बोलणारी माणसं. मुद्दाम उतरावं असं इथं काय आहे, असंच कुणालाही वाटेल.

पण आहे हो! इथं दलित वस्तीची विहीर आहे. गावच्या पाण्याला हात लावायची बंदी, म्हणून त्या लोकांनी स्वतः खणलेली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि या विहिरीचं पाणी प्यायले. मी याच गावात लहानाची मोठी झाले, पण ही विहीर पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतर, यजमानांनी हट्ट धरला म्हणून. लहानपणी आम्हां मुलींना त्या बाजूला फिरकायची मुभाच नव्हती.

बारशाची गडबड आटोपल्यावर धाकटी भाची मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली. ती पुण्याला घरसजावटीचं शिकते. तिनं एक फोटो दाखवला. रिहाना नावाची जगप्रसिद्ध गायिका अमेरिकेतल्या मियामी शहरात एका खुर्चीवर ऐटीत बसलीय. फोटो डिसेंबर २०२४ चा. "मावशी, ही खुर्ची कुठली असेल सांग." मी म्हटलं, "इटलीची असेल." तर म्हणते कशी, "आपल्या धारावीची!"

मियामीला २००५ पासून खुर्च्या-टेबलांची मोठी जत्रा भरते. 'डिझाइन मियामी' तिचं नाव. देशोदेशीच्या गॅलऱ्या तिथं आपली दालनं मांडतात. हे फर्निचर घरात वापरायला कमी आणि चित्रासारखं जमवायला जास्त. बसायच्या वस्तूनं बसण्यापलीकडचं काही बोलावं, अशी ही तऱ्हा. १९७० साली इटलीत ओठांच्या आकाराचा लाल सोफा निघाला, पुढच्या वर्षी उंच गवताच्या पात्यांसारखं आसन. आपल्या चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांत पिएर जानरेनं केलेल्या लाकडी-वेताच्या खुर्च्या भंगारात गेल्या आणि परदेशच्या लिलावात लाखांना विकल्या गेल्या! (आपण माळ्यावरचं सामान मोडीत घालताना दोनदा पाहायला हवं, नाही का?)

तर ही धारावीची खुर्ची 'चमार स्टुडिओ'ची. सुधीर राजभर नावाच्या, मुंबईत वाढलेल्या चित्रकारानं तो सुरू केला. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कायदा झाला नि चामड्याच्या कारागिरांचं काम आटलं. राजभरांनी त्यांच्या हाती टाकाऊ रबर दिलं. चामडं कापणारे, शिवणारे तेच हात, माल फक्त बदलला. आधी पिशव्या झाल्या, मग खुर्च्या. आणि नाव मुद्दाम तेच ठेवलं, ज्या शब्दानं कुणाला हिणवलं तर कायद्यानं गुन्हा होतो.

फोटो पाहता पाहता मला आमच्या ओसरीवरची नानांची शिसवी खुर्ची आठवली. घरात ती एकच. आम्ही मुलंसुद्धा तिच्यावर बसत नसू. चपला शिवायला एक म्हातारे यायचे, ते ओसरीखालच्या दुसऱ्या पायरीवर बसत. पहिल्या नव्हे, दुसऱ्या. आई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. माझ्या लग्नातल्या कोल्हापुरी चपला त्यांनीच तीनदा शिवून दिल्या होत्या. पैसे मी पायरीवर ठेवत असे, हातात नाही. नानांचं सोडा, हे मी केलंय.

संध्याकाळी भाचीला घेऊन त्यांच्या घरी गेले. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची सून आता सत्तरीची. मुलगा सोलापुरात नोकरीला. मला पाहून त्या गडबडल्या, आतून प्लॅस्टिकची निळी खुर्ची आणून पदरानं पुसली नि स्वतः उंबऱ्यावर टेकल्या. भाचीनं फोटो दाखवून सगळी हकीगत सांगितली. त्यांनी मोबाईल दूर धरून नीट पाहिलं.

"शिलाई चांगली हाय," म्हणाल्या. मग, "आन् नाव त्येच ठिवलंय?"

"हो. अभिमानानं," भाची उत्साहानं म्हणाली.

"तिकडं ठीक हाय. तिथं त्या नावाचा अर्थ कोन इचारतंय? माझ्या नातवाला वर्गातल्या पोरानं त्याच नावानं हाक मारली, तर त्यानं डोकं फोडून घेतलं मारामारीत." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "शिवणाऱ्याला किती मिळतं म्हनं एका खुर्चीमागं?"

भाचीला ते सांगता येईना. खुर्ची कुणी बनवली, कुठं मांडली, कोण बसलं, सगळं तिला ठाऊक होतं. मला तर हा प्रश्नच सुचला नव्हता.

मला त्या खुर्चीवर बसवेना. उठून मी त्यांच्या शेजारी उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. पण बाई रागावल्याच.

"आसं का करता ताई? सासऱ्याची आठवन आली म्हनून व्हय? बसा की वर. माझ्या घरची खुर्ची हाय ती, पाव्हन्यासाठी घेतलीया."

मी मुकाट्यानं वर बसले. मग त्यांनी चहा टाकला. कप माझ्या हातात दिला, त्या वेळी त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. शेवटची एस.टी. चुकली, म्हणून भाच्यानं मोटारसायकलवरून सोलापूरला आणून सोडलं.