ओली काच

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेले गुरुजी गाडीतून उतरले, तेव्हा कराडात लख्ख ऊन पडलं होतं. "मिस्त्री, वायपर बंदच होत नाही," असं म्हणत त्यांनी स्टिअरिंगजवळची दांडी खाली केली, पुन्हा वर केली. पाती दोनदा फिरली आणि गुमान काचेच्या तळाशी जाऊन बसली. गुरुजींचा चेहरा उतरला. मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "अहो, घाटात पाऊस थांबला तरी हा थांबेना. शेवटी यांनी फ्यूज काढला, तर पुढच्याच वळणावर सर आली."

आधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथे त्यांना मोटर बदलायला सांगितलं होतं. मला या सल्ल्याचा राग येतो. बिघाड डोळ्यांनी बघितलेला नसताना हजारोंचा सुटा भाग माणसाच्या गळ्यात मारायचा, हे आमच्या धंद्याला शोभत नाही. गिऱ्हाइकाचे शब्द चुकतील, पण त्याने बघितलेलं सहसा चुकत नाही. बाईंच्या बोलण्यात दोनदा पाऊस आला होता, आणि आमच्यासमोरची काच कोरडी ठणठणीत होती. मी मगभर पाणी काचेवर ओतलं आणि गुरुजींना म्हटलं, "आता करा."

दांडी बंद केली. पाती तळाशी आली, क्षणभर अडखळली आणि पुन्हा वर चढली. मग पुन्हा. पाणी ओघळून काच सुकायला लागली तशी ती कुरकुरत थांबली.

बंद करणं म्हणजे वीज तोडणं, असं आपण घरातल्या पंख्यावरून धरून चालतो. वायपर तसा बंद झाला तर पाती कुठेही, अगदी डोळ्यांसमोर आडवी राहतील. म्हणून दांडी बंद केली तरी मोटरला दुसऱ्या एका वायरीने वीज मिळत राहते. मोटरच्या गिअरवर तांब्याची चकती असते आणि तिच्यावरून पत्त्या घासत जातात. चकतीला एका जागी खाच असते. पाती तळाशी आली की पत्ती त्या खाचेत येते आणि वीज तुटते. याला आम्ही पार्किंग म्हणतो. पण फिरती मोटर वीज तुटली म्हणून जागच्या जागी थांबत नाही, वेगाने पुढे सरकते. म्हणून त्याच खाचेत तीच वायर अर्थला जोडली जाते आणि मोटरला ब्रेक लागतो.

हा ब्रेक मला उस्तादांनी हातात दिला होता. मी नवखा होतो. त्यांनी ब्लोअरची सुटी मोटर दिली आणि म्हणाले, "फिरव." दांडा सहज फिरला. मग त्यांनी तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून जोडल्या. "आता फिरव." आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा तो जड झाला होता. बॅटरी नाही, काही नाही. फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते आणि तीच वीज तिला आवरते. उस्तादांनी तेव्हा जास्त काही समजावलं नाही. ते जडपण अजून माझ्या बोटांत आहे.

तरीही आधी दांडी आणि रिले तपासले. रिलेचे पॉइंट जळून चिकटले की वायपर अखंड चालतो, आणि असे रिले मी पुष्कळ बदलले आहेत. गुरुजींना विचारलं, थांबत-थांबत चालायच्या खटक्यावर काय होतं? "तेव्हाही सलगच चालतो." हा खटका मला फार आवडतो. डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्सना त्याचं पेटंट १९६७ साली मिळालं. एका डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि पापणी जशी मिटते, उघडते, थांबते, तसा वायपर चालावा ही त्यांची कल्पना. पण त्या पापणीला दर फेरीनंतर तळाशी विसावावं लागतं, आणि गुरुजींच्या गाडीत नेमका विसावाच हरवला होता.

वायपर स्लोवर ठेवून पार्किंगच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. फेरीभर पेटला, खाचेपाशी क्षणभर विझला. म्हणजे वीज तुटत होती. मग लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून तीच वायर पुन्हा धरली. आता खाच आली की अर्थ मिळून लॅम्प पेटायला हवा होता. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या, लॅम्प काही पेटेना. ब्रेकच लागत नव्हता. कोरड्या काचेवर रबराचं घर्षण त्याची उणीव भरून काढत होतं. पावसात काच गुळगुळीत झाली की मोटर खाच ओलांडून जायची आणि पुढे तिला पुन्हा वीज मिळायची.

मोटर उतरवण्याआधी दांड्यावरच्या लिव्हरची जागा खुणेने पक्की करून घेतली. ही खूण विसरली तर पाती भलत्याच जागी थांबतात, बाजूच्या खांबावर आपटतातसुद्धा. झाकण उघडलं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि अर्थची पत्ती हिरवी पडून चकतीपासून केसभर उचलली गेली होती. पॉलिश पेपरने हलकेच घासली, चिमट्याने वाकवून तिला जरा ताण दिला, नवं ग्रीस बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावलं. सुटा भाग एकही लागला नाही.

मोटर बसवल्यावर पुन्हा पाणी ओतलं. गुरुजींनी दांडी बंद केली. पाती तळाशी आली आणि तिथेच राहिली, वरून पाणी वाहत असताना. गुरुजींनी चालू केलं, बंद केलं, असं चार वेळा. मग ते खाली उतरले, माझ्या हातातला मग घेतला, बादलीत बुडवला आणि बाईंना म्हणाले, "तू बस पुढे. आता मी ओततो."