खेळ फिरतो, गाव जागेवर

नांदूरघाट, ता. केज, जि. बीड

चि. भाचीस,

चाकांवरचे घर, रात्रीच्या मुक्कामाचे मैदान आणि उघड्यावर होणारा गाण्याबजावण्याचा खेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अमेरिकेत ती सुट्टी ठरते आणि बालाघाटाच्या या पठारावर तो पोटाचा धंदा ठरतो. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय, तू पाठविलेली सहलीची छायाचित्रे पाहून घरातील ज्येष्ठ मंडळींनी ‘हा तर तमाशाच्या फडाचा मुक्काम’ असे एकमुखाने का म्हटले, याचा उलगडा होणार नाही. आणि तू कारण विचारलेच आहेस, तर ते थोडे मुळापासून सांगणे बरे.

तिकडच्या घरगाडीत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचकूप हे सारे एकाच डब्यात बसविलेले असते, आणि ती उभी करण्यासाठी जी जागा भाड्याने मिळते तेथे वीज, नळ आणि सांडपाण्याची जोडणी हाताशी तयार असते. अशा मुक्कामांची सर्वांत परिचित साखळी, केओए, १९६२ साली माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झाली. उन्हाळ्यात अशा मुक्कामांच्या वाटेवर गुराख्यांच्या वेशातील गायक आधी जेवण वाढतात आणि नंतर गाणी म्हणतात. कोलोरॅडोतील फ्लाइंग डब्ल्यू रँचवर ही पंगत १९५३ मध्ये सुरू झाली, तर टेक्सासातील पालो ड्युरो दरीत ‘टेक्सास’ नावाचे संगीत नाटक १९६६ पासून मोकळ्या आकाशाखाली होत आले आहे. या पंगतीला ज्या चकवॅगनचे नाव मिळाले, ती मुळात गुरे हाकणाऱ्या टोळीबरोबर चालणारी स्वयंपाकाची गाडी होती आणि चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने १८६६ साली जुन्या लष्करी गाडीच्या मागे फडताळ बसवून ती घडविली, असे मानले जाते. टेक्सासातील गुरांचे कळप कॅन्ससमधील रेल्वेस्थानकांपर्यंत महिनोन्महिने हाकत नेण्याचे ते काम काटेरी तारेची कुंपणे आणि पसरत गेलेले लोहमार्ग यांमुळे दोन-अडीच दशकांतच आटोपले. ते आटोपत असतानाच त्याचा खेळ झाला, कारण विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने १८८३ मध्ये गुराखी, घोडे आणि नेमबाज यांना घेऊन ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचा फिरता तमाशाच उभा केला, ज्यातील माणसे तंबूत राहत आणि पुढे आगगाडीने गावोगाव जात. (त्याच्या तीन वर्षे आधी, १८८० साली, विष्णुपंत छत्रे यांनी आपली सर्कस उभारली होती, ही गोष्ट तिकडच्या मराठी मंडळांत कोणी सांगत असेलसे वाटत नाही.) पुढे तिकडे खेळ एका जागी स्थिरावला आणि प्रेक्षक घरासकट फिरू लागला, मराठी मुलखात मात्र प्रेक्षक गावच्या पारावरच राहिला आणि घरासकट फिरण्याचे काम कलावंताच्या वाट्याला आले.

तमाशाचे दोन प्रकार सामान्यतः मानले जातात. संगीत बारी हा प्रामुख्याने लावणीनृत्याचा प्रकार असून तो आता कला केंद्र म्हणविणाऱ्या एका जागच्या थिएटरांत चालतो. दुसरा ढोलकी फडाचा तमाशा, ज्यात गणेशवंदनेचा गण, कृष्ण आणि गौळणी यांच्या थट्टामस्करीची गवळण, सोंगाड्याची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे रात्र उलटेपर्यंत चालणारे कथानाट्य, असा क्रम असतो. फड या शब्दाने येथे केवळ खेळ अभिप्रेत नसून मालक, नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाला, हलगीवाला, आचारी, चालक आणि तंबू ठोकणारे बिगारी अशी शंभरावर माणसांचीही वस्ती मोठ्या फडात अभिप्रेत असते, आणि ती वस्ती ट्रक, बस व जनित्र यांसह सात-आठ महिने रस्त्यावर असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कवलापूरचे काळू-बाळू, तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर ही नावे नारळ फोडून निघालेल्या अशाच गाड्यांवर रंगविलेली असत, आणि खेड्यातील निरक्षर माणूसही ती अक्षरे ओळखत असे.

या फिरण्याला पंचांग आहे. पावसाळा संपून दसरा उजाडला की फड बाहेर पडतो आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम मिटतो, कारण उघड्यावरच्या खेळाला पाऊस परवडत नाही आणि पेरणीच्या दिवसांत गावाला रात्र जागविण्याची उसंत नसते. हंगामाचे दोन भाग पडतात. आधीच्या भागात फड कनात लावून, म्हणजे मैदानाभोवती कापडी भिंत उभारून, तिकिटावर खेळ करतो आणि गल्ला भरला नाही तर तोटा मालकाच्या अंगावर येतो. मार्गशीर्षातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही मराठवाड्यातील या भागाची मोठी पेठ होय. चैत्र-वैशाखात मात्र गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी देतात, म्हणजे ठरलेल्या रकमेवर एका रात्रीचा खेळ बांधून घेतात, आणि मग गावकऱ्यांना तो फुकट पाहता येतो. ही बोलणी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे होतात. तेथे फडांचे व्यवस्थापक रस्त्याकडेला राहुट्या थाटून बसतात, गावचे पुढारी एका राहुटीतून दुसरीत जात भाव काढतात आणि बयाणा देऊन तारीख नक्की करतात. वर्षाचे देणेघेणे फिटेल की नाही, याचा अंदाज फडमालकाला त्या थोड्या दिवसांतच येतो.

मुक्कामाचे स्वरूप जवळून पाहिले तर छायाचित्रांतील साम्य पटते आणि लगेच ते विरतेही. ट्रक दुपारी मैदानात शिरतो, मेखा ठोकून राहुट्या उभ्या होतात, स्त्रियांची राहुटी शक्यतो रंगमंचाच्या मागे आणि वाटेपासून आडोशाला लावली जाते, तीन दगडांच्या चुलीवर पिठले शिजते आणि भाकरीच्या चळती फडक्यात बांधून ठेवल्या जातात. कलावंतांच्या लोखंडी पेट्या याच त्यांचे कपाट आणि बसण्याचे आसन असतात आणि झाकणाच्या आत लावलेल्या आरशापुढे रंगभूषाही तेथेच होते. संध्याकाळी थंडी उतरली की हलगीचे कातडे दमट होऊन सैल पडते, म्हणून वाजविणारा कागद किंवा पाचट पेटवून त्या जाळावर हलगी फिरवून शेकतो, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो आणि पुन्हा शेकतो; खेळ लवकरच सुरू होणार हे गावातील पोरांना याच आवाजावरून कळते. वग संपल्यावर पडदे, फळ्या आणि खांब पुन्हा ट्रकात चढतात, माणसे सामानावर किंवा बसच्या बाकांवर अंग टाकतात आणि उजाडताना पुढचे गाव येते. काही गावांत तर सकाळी देवापुढे हजेरी द्यावी लागते, म्हणजे रात्रभर जागलेल्या मंडळींनी पुन्हा उभे राहून गाणी म्हणावयाची असतात. नळ, वीज आणि सांडपाणी यांची तयार जोडणी येथे नसते. गावाने पाण्याचा टँकर दिला तर दिला, आणि स्त्रियांना अंधार पडण्याची वाट पाहावी लागते. विठाबाईंविषयी नेहमी सांगितली जाणारी हकीकत याच संदर्भात वाचली पाहिजे: खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि त्या पुन्हा रंगमंचावर गेल्या, असे म्हणतात. लोक ही हकीकत कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून कौतुकाने सांगतात. वस्तुतः ज्या घराला भिंती नाहीत आणि ज्या मुक्कामावर सुईण नाही, तेथे बाईला दुसरा मार्ग नव्हता, एवढेच ती सांगते. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या या कलावतीचे २००२ मध्ये हलाखीतच निधन झाले आणि आता राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार तिच्याच नावाने देते.

गावाचा आणि फडाचा संबंध नेहमीच दुटप्पी राहिला. फडातील बहुसंख्य माणसे महार, मांग, कोल्हाटी अशा गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतून आलेली, आणि रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातील पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) तमाशात शिरले तेव्हा त्यांना जातीबाहेर व्हावे लागले. जे गाव सोंगाड्याच्या एका वाक्यावर पोट धरून हसते, तेच गाव त्याला रात्रीपुरती ओसरी देत नसे. म्हणून फडाचा मुक्काम मैदानात असण्यामागे मोकळ्या हवेची आवड हे कारण कधीच नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे ही बंदी येथवर पोहोचली नाही, मात्र रझाकारांच्या त्या दिवसांत येथे रात्रीचे खेळ पाहण्याइतके स्वास्थ्य कोणाला होते, हा प्रश्न वेगळा.

नांदूरघाटच्या दृष्टीने या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि ज्येष्ठांना फड चटकन आठवला त्याचे खरे कारण बहुधा तीच असावी. दसऱ्याला ज्याप्रमाणे फड निघतो, त्याप्रमाणे त्याच सुमारास या भागातील ऊसतोड कामगारही निघतात. नवरा-बायको मिळून होणारी मजुरांची जोडी, जिला कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेते आणि बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाते. तेथे बांबू, ताडपत्री आणि उसाचे पाचट यांची कोपी हेच घर. फडातील कलावंतही पावसाळ्यात मालकाकडून उचलच घेतो आणि हंगामभर नाचून-गाऊन ती फेडतो. हिशेबाची रीत दोन्हीकडे एकच आहे आणि अंगावर बाकी निघण्याचा धाकही एकच. चैत्र येईतो कारखाने बंद होतात, टोळ्या परततात, हाती थोडा पैसा असतो, आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीसारख्या यात्रा तोंडावर आलेल्या असतात. म्हणजे चैत्रात मैदानावर जो तमाशा होतो, त्यात रंगमंचावरची माणसे फिरून आलेली आणि समोर पोत्यावर बसलेली माणसेही फिरून आलेली असतात. अमेरिकेत गुरे हाकण्याचे काम इतिहासजमा झाल्यावर त्याची गाणी पंगतीला वाढली गेली. येथे कामही चालू आहे आणि खेळही, आणि म्हणूनच या मुलखातील फिरत्या घराला अजून सहलीचा रंग चढलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे खरे. परंतु कोपीतून परतलेल्या माणसाला चाकांवरच्या घरात सुट्टी घालविण्याचा मोह कसा पडावा, हे पर्यटन खात्यानेच सांगावे.

फडांची आजची स्थिती बेताची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि वर्षातील मोजक्या दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. साहजिकच पहाटेपर्यंत रंगणाऱ्या वगाला कात्री लागली आणि त्याची जागा चित्रपटगीतांवरच्या नृत्यांनी घेतली. २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या दोन वर्षी करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत, उचल घेतलेली माणसे घरी बसली आणि कांताबाई सातारकर यांचे मे २०२१ मध्ये त्याच साथीत निधन झाले. तरीही दसऱ्याला गाड्या निघतात, हे नोंदविले पाहिजे.

पुढील वर्षी चैत्रात येण्याचा विचार पक्का झाला, तर सुपारीचा तमाशा पाहता येईल. त्याला तिकीट नसते. बसावयास सतरंजी घरून न्यावी लागते, जागा धरण्यासाठी दिवेलागणीलाच जावे लागते, आणि राहुट्यांच्या बाजूला विचारल्याशिवाय कॅमेरा नेऊ नये. गावोगावच्या यात्रा तिथीवर ठरत असल्याने इंग्रजी तारखा दरवर्षी मागेपुढे सरकतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी येथे फोन करावा. पंचांग पाहून आणि यात्रा कमिटीत विचारून तारीख कळविली जाईल.

तुझा मामा