चुकाऱ्याची हमी

धान्य विकणारा शेतकरी वजनकाट्यावर माल उतरवून देतो, त्या क्षणापासून पैसे हाती पडेपर्यंत तो खरेदीदाराचा धनको असतो, आणि तोही कोणतेच तारण न घेतलेला. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे, किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला माल आपल्या ताब्यात असेपर्यंत अडवून धरता येतो. माल खरेदीदाराच्या हवाली झाला की हा हक्क, म्हणजेच धारणाधिकार, संपतो. धान्यबाजारात मात्र आधी माल आणि मग चुकारा हाच क्रम रूढ आहे. व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळलेले सोयाबीन कोणाच्या शेतातले हे नंतर ओळखता येत नाही, आणि त्याच साठ्यावर व्यापाऱ्याने खेळते भांडवल उचलले असेल, तर तो बुडाल्यावर त्या मालावर पहिला हात तारणदार बँकेचा पडतो. ज्याने तो माल पिकवला, त्याची गणना विनातारण धनकोंत होते.

या धोक्यावर कायद्याने बहुधा एकच उपाय योजलेला दिसतो, तो म्हणजे चुकाऱ्याची मुदत ठरवून देणे. २०२० च्या केंद्रीय कृषी व्यापार कायद्यात त्याच दिवशी, किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याचे बंधन होते आणि तक्रार उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे नेता येत होती. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ३ लाख ३२ हजार रुपयांचा मका विकला, २५ हजारांची उचल मिळाली आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांऐवजी चार महिने अडकली. ती या तरतुदीमुळे सुटल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मन की बात’मधून केला. हे यश खरे होते, पण देणेकरी जागेवर सापडतो आणि त्याच्याजवळ पैसेही असतात, तेव्हाच असा आदेश फळतो. त्याच कायद्याने केवळ पॅन कार्डाच्या आधारे खरेदीची मुभा दिली होती, खरेदीदाराकडून आगाऊ अनामत मात्र मागितली नव्हती. त्यामुळे दिवाळे निघालेल्या किंवा परागंदा झालेल्या व्यापाऱ्यापुढे मुदतीचे कलम निरुपयोगीच ठरले असते. तो कायदा २०२१ च्या अखेरीस रद्द झाला, उणीव मात्र तशीच राहिली.

कॅनडाने या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले. तेथील धान्य अधिनियमानुसार १९१२ पासून काम करणारा, विनिपेग येथे मुख्यालय असलेला धान्य आयोग धान्य कंपन्यांना परवाने देतो, आणि परवानाधारकाला शेतकऱ्यांच्या देण्यांपोटी रोखे, बँकेचे हमीपत्र किंवा विमा अशा स्वरूपात प्रतिभूती, म्हणजे देणे बुडाल्यास वापरता येईल असे तारण, ठेवावे लागते. शेतकऱ्यांचे किती पैसे थकले आहेत हे कंपनी आयोगाला दरमहा कळवते आणि देणी वाढली की तारणही वाढवावे लागते. संपूर्ण रचनेचे मर्म या मासिक हिशेबात आहे. मराठी घरांत शिजणारी मसूर ज्या सस्कॅचवान प्रांतातून भारतात येते, तेथील शेतकऱ्यालाही हेच संरक्षण लागू आहे.

हे संरक्षण अमर्याद नाही. माल पोहोचवल्यापासून ९० दिवस किंवा खरेदीचे देयपत्रक अथवा धनादेश मिळाल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी मुदत आधी संपेल तीच ग्राह्य धरतात. प्राप्तिकराच्या सोयीसाठी ऑक्टोबरात माल देऊन रक्कम जानेवारीत घेण्याची तेथे प्रथा आहे. असा शेतकरी स्वेच्छेने मुदतीबाहेर जातो आणि कंपनी बुडाल्यास त्याला काही मिळत नाही. तारण अपुरे पडले, तर उपलब्ध रक्कम दावेदारांत प्रमाणशीर वाटली जाते. अमेरिकेतील ओहायो राज्याने १९८३ मध्ये निराळी वाट धरली आणि धान्यविक्रीतून बुशेलमागे, म्हणजे मक्याच्या सुमारे साडेपंचवीस किलोंमागे, किरकोळ वर्गणी कापून शेतकऱ्यांचाच भरपाई निधी उभारला.

महाराष्ट्रातील बाजार समित्या परवाना देताना व्यापाऱ्याकडून अनामत किंवा बँक हमी घेऊ शकतात, परंतु ही रक्कम त्याच्या चालू थकबाकीशी जोडलेली नसेल, तर हंगामाच्या ऐन भरात कोट्यवधींची खरेदी करणाऱ्यामागे ती नाममात्रच उरते. बाजार आवाराबाहेर होणारी खेडा खरेदी तर याहून उघडी, कारण तेथे शेतकऱ्याच्या हाती पुष्कळदा साध्या कागदावरच्या कच्च्या चिठ्ठीखेरीज काहीच नसते. भाव वाढेल या आशेने सोयाबीन किंवा तूर व्यापाऱ्याच्याच गोदामात ‘भाव नंतर’ या बोलीवर टाकण्याचा व्यवहार सर्वांत घातक आहे, कारण त्यात किंमतही ठरलेली नसते आणि मालही हातचा गेलेला असतो. त्याऐवजी २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदणी झालेल्या गोदामात माल ठेवल्यास मिळणारी परक्राम्य पावती, म्हणजे हस्तांतर करता येणारी आणि तारण ठेवून कर्ज मिळवून देणारी पावती, मालावरची मालकी शेतकऱ्याकडेच ठेवते. भावाची वाट पाहायची असेल तर ती या पावतीच्या आधाराने पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

थकबाकीच्या प्रमाणात वाढणारी अनामत, दरमहा जाहीर होणारा देण्यांचा ताळेबंद आणि बाजार फीच्या अल्प अंशातून उभा राहणारा भरपाई निधी, या तीन तरतुदी राज्याने आवाराच्या आत आणि बाहेर सारख्याच लागू कराव्यात. तोवर शेतकरी वाचकांना आग्रहाची विनंती अशी की, खरेदीदाराचा परवाना क्रमांक, वजन, दर आणि चुकाऱ्याची तारीख नोंदवलेली सहीची पक्की पट्टी हाती येईपर्यंत काट्यावरून माल उतरू देऊ नये.