एबीसीत, साडेतीन वर्षांच्या बाईंसोबत

पेशव्यांचे सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक, पण रिक्षावाल्याला नुसतं ‘एबीसी’ म्हटलं तरी तो बरोबर आणून सोडतो. कार आणायच्या भानगडीत पडू नका. आणि जूनमध्ये, शाळेच्या पुस्तकांची झुंबड असताना, तर फिरकूच नका!

परवा मी गेले ते भाचीला घेऊन. वाकडच्या फ्लॅटमध्ये वाढणारी, इंग्लिश प्लेस्कूलवाली. मराठी कळतं, पण साताऱ्याच्या आजीशी फोनवर बोलणं ‘हाय’ आणि ‘बाय’ एवढंच.

गाइड्स आणि एमपीएससीच्या गठ्ठ्यांमागे हवं ते सापडलं, माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. (2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळालाय.) तिथेच स्टुलावर बसून मी वाचायला लागले, अगदी बातम्या देतात तसं. दुसऱ्याच पानावर बाईंनी माझ्या बोटांवर पुस्तक मिटलं. मास कॉमची डिग्री गेली पाण्यात!

मग गप्प बसले. पान तिनंच उलटलं. ती चित्रावर बोट ठेवणार, मी सांगणार, असं सुरू झालं. आपल्याला ओळ संपवायची घाई. ही मंडळी चित्राच्या कोपऱ्यात तळ ठोकून बसतात. आजीवर बोट आलं आणि तिथेच थांबलं.

“माझी पण आजी आहे.” चक्क मराठीत.

“ताई, संच बांधून देऊ?” दुकानदार काकांनी विचारलं.

“बांधू नको. परत वाच.” उत्तर माझं नव्हतं.