सरकारी गणपती

१० जुलै २०२५ ची संध्याकाळ. मी जिना चढत होतो, तोच आमच्या सोसायटीचे तरुण चिटणीस वरून ओरडले, "काका, पेढे आणा! आपला गणपती सरकारी झाला!"

मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. चौतीस वर्षे कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला 'सरकारी' हा शब्द ऐकून पेढे आठवत नाहीत, फाईल आठवते.

बातमी मात्र खरी होती. सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी त्या दिवशी विधानसभेत सार्वजनिक गणेशोत्सवाला 'महाराष्ट्राचा राज्य महोत्सव' म्हणून जाहीर केले होते. टिळकांनी १८९३ साली ज्याला चळवळीचे बळ दिले, त्या उत्सवाला हा मान मिळायला १३२ वर्षे लागली. इंग्रज सरकारचेही या उत्सवाकडे लक्ष होतेच म्हणा. पण ते मेळ्यांच्या पदांत राजद्रोह सापडतो का, एवढ्यापुरते! माझे बालपण गिरगावात, १८९३ पासून गणपती बसवणाऱ्या केशवजी नाईक चाळीपासून हाकेच्या अंतरावर गेले. तेव्हा उत्सवाला मान्यता हवी असते, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. वर्गणी हवी असते, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

१९८४ साली आम्ही वाशीला आलो. सिडकोने इमारती बांधल्या होत्या, पण माणसांची एकमेकांशी ओळख बांधून देण्याची तरतूद नकाशात नव्हती. शेजारच्या दाराला घराचा क्रमांक होता, नाव नव्हते. पहिल्या वर्षी आम्ही अकरा घरांनी गणपती बसवला. मांडवाला सौभाग्यवतींच्या साड्या, आरतीला कुणाची तरी शाळेची घंटा. दहा दिवसांत कोण कुठला, कुणाची मुलगी लग्नाची, कुणाला मधुमेह, सारे कळले. आमच्या वस्तीची खरी खानेसुमारी त्या मांडवात झाली.

विसर्जनाला खाडीवर गेलो, तर भरती-ओहोटीचे ज्ञान कुणालाच नाही. जवळच्या गावातले एक कोळी तात्या पुढे झाले. ज्या जमिनींवर हे नवे शहर उभे राहिले, त्यांत त्यांचीही होती. त्यांनी पाण्याकडे पाहून आम्हांला तासभर थांबवले, मग मूर्ती होडीत घेतली. मी पैसे पुढे केले, तसे म्हणाले, "तुमी पावनं, देव पन पावना. पोचवाचा काम आमचा." मी नोटा खिशात घातल्या. त्या दिवसाइतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

उत्सव सरकारच्या हाती गेल्यावर काय होते, याचा एक नमुना मी पणजीला पाहिला आहे. गोव्यात कार्निव्हलला 'इंत्रुज' म्हणतात. लेंट या उपवासकाळाच्या आधीचे हे दिवस वाड्यावाड्यांतून पीठ नि रंगीत पाणी उडवण्यात जात. मुक्तीनंतर, १९६५ पासून पणजीत मोमो राजाची मिरवणूक निघू लागली, पुढे पर्यटन खात्याने तिला हात दिला. चित्ररथ सुंदर होते, खोटे कशाला बोलू? पण मी तीन तास बांबूच्या अडसरामागे उभा होतो. माझ्या शेजारी उभी असलेली एक वृद्ध बाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आदीं आमी खेळटाले, आतां पळयतात." पूर्वी खेळत होतो, आता बघतो!

पण सगळा दोष सरकारच्या माथी कसा मारू? आमच्या मांडवाला अडसर कुणी घातला नव्हता. तरी मुले पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापार गेली. मांडव कंत्राटदार घालतो, आरती ध्वनिक्षेपक म्हणतो. डिसेंबर २०२५ मध्ये तर युनेस्कोने दिवाळीलाही आपल्या यादीत घेतले. आनंद आहे, पण करंज्या तळायला युनेस्को येत नाही.

त्या वर्षी चिटणीसांनी एका स्पर्धेचा अर्ज आणला नि अनुभवी म्हणून माझ्याच पुढ्यात टाकला. एका रकान्यात 'कार्यकर्त्यांची संख्या' होती. चिटणीस म्हणाले, "पन्नास लिहा काका, कोण मोजायला येतंय?" मी बोटे मोजली नि नऊ लिहिले. त्यांतले सहा जण साठीच्या पुढचे. चिटणीस दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, आम्ही शाडूची मूर्ती महापालिकेच्या कृत्रिम तलावावर नेली. भरती नाही, ओहोटी नाही, होडी नाही. पायरीवर माझे गुडघे कुरकुरले. तेवढ्यात पाण्यातून एक पोरगा वर आला. "काका, द्या इकडं. आमचा आजा न्यायचा तुमचा गणपती." त्याने मूर्ती छातीशी धरली, तीन वेळा बुडवली नि चौथ्यांदा सोडून दिली.

स्पर्धेत आम्हांला काही मिळाले नाही. पण अर्जातला तो आकडा माझ्याकडून चुकलाच. मी दहा लिहायला हवे होते.