एक लेख फुकट, शेजारच्याला ३५ डॉलर!

परवा एक निवृत्त शिक्षक ओपीडीत आले. मधुमेह १८ वर्षांचा. हातात एका परदेशी शोधनिबंधाच्या सारांशाची प्रिंट, आणि तेवढ्या भरवशावर मेटफॉर्मिनची गोळी स्वतःच अर्धी केलेली. "सर, पूर्ण लेख का नाही वाचलात?" म्हटलं, तर म्हणाले, "३५ डॉलर मागतात हो! पण त्याच अंकातला दुसरा लेख फुकट उघडला. असं कसं?"

तुम्हालाही हा अनुभव आला असेल, म्हणून सांगतो.

पूर्वी बहुतेक जर्नल वर्गणीवर चालायची. वर्गणी भरायची कॉलेजच्या लायब्ररीने. लेख लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्या तज्ज्ञांना सहसा दमडी मिळत नाही, हे जाता जाता. मग 'ओपन अ‍ॅक्सेस' आलं: लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने शुल्क भरायचं, लेख जगाला मोफत. कल्पना चांगलीच. पण अनेक जुन्या जर्नलांनी वर्गणी ठेवून हे शुल्कही सुरू केलं. स्प्रिंगरने २००४ मध्ये ३,००० डॉलर भरून लेख खुला करायची सोय काढली. 'नेचर'ने २०२१ पासून ९,५०० युरो लावले.

आता दिवाळी अंकाचं उदाहरण घ्या. दहापैकी चार लेखकांनी आपल्या लेखाचा खर्च आधीच भरला, तर अंकाची किंमत उतरायला हवी ना? प्रकाशक म्हणतात, किंमत ठरवताना आम्ही फक्त वर्गणीचे लेख मोजतो. काही मोजतातही. पण ती सूट जगभरच्या ग्राहकांत वाटली जाते. ज्या विद्यापीठाने भरमसाट शुल्क भरलं, त्याच्या वाट्याला चिमूटभर येते. शिवाय मोठ्या लायब्ररी शेकडो जर्नल एकगठ्ठा घेतात. त्या कराराची रक्कम बहुधा मागच्या आकड्यावरून ठरते, लेख मोजून नव्हे. म्हणजे त्याच लेखासाठी शुल्कही जातं आणि वर्गणीही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअरचा करार पुढे चालवला नाही तो यावरूनच: वाचण्याचे आणि छापण्याचे पैसे एका हिशेबात धरा. २०२१ मध्ये तसा करार झाला.

मीही यातून गेलोय. आमची एक केस छापायला घेतल्यावर शुल्काचा ईमेल आला. रक्कम पाहून आम्ही 'वर्गणीत राहू दे' कळवलं. पुढे ज्या पेशंटची ती केस, त्याच्याच मुलाला लेख उघडेना! माझ्याकडची प्रत दिली.

आपल्याकडे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल मिळतात. माझ्यासारख्या खासगी दवाखान्याला किंवा तुम्हाला नाही.

तेव्हा आधी पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत आहे का पाहा. नसेल तर लेखकाला ईमेल करा, बरेच जण पाठवतात. मास्तरांसाठी मी तेच केलं. तिसऱ्या दिवशी लेख आला. त्यात नुकताच मधुमेह झालेलेच रुग्ण घेतले होते. मास्तरांची गोळी त्याच दिवशी पुन्हा पूर्ण केली.